पॅसिफिकवरील रात्र : संपादकीय तळटीप

१. लेखकाने येथे ज्या विमानाचा ओझरता उल्लेख केला आहे, ते पॅन अमेरिकन कंपनीचे बोइंग स्ट्रॅटोक्रूझर होय. १९५६ च्या ऑक्टोबरात, होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्कोकडे जात असता, पॅसिफिक महासागरावर ऐन रात्री त्याच्या चारांपैकी एका एंजिनाचा पंखा बेफाम वेगाने फिरू लागला. अशा समयी पंख्याची पाती वाऱ्याच्या दिशेस समांतर वळवून तो थांबवावयाचा असतो. ते साधेना, तेव्हा तेलाचा पुरवठा तोडून एंजिन जाम करण्यात आले, परंतु पंखा त्यापासून सुटून तसाच फिरत राहिला आणि त्याच्या अवरोधामुळे इंधनाचा खर्च इतका वाढला की कोणताही किनारा गाठणे अशक्य झाले. पुढे दुसरेही एंजिन निकामी झाले. वाचकाने विशेष ध्यान द्यावे ते कप्तान रिचर्ड ऑग यांच्या यानंतरच्या निर्णयाकडे : अंधारात लाटांचा अदमास येत नाही म्हणून, तेथे तैनात असलेल्या अमेरिकी तटरक्षक दलाच्या ‘पाँटचारट्रेन’ या जहाजाभोवती, उरलेल्या दोन एंजिनांवर घिरट्या घालीत त्यांनी उजाडेपर्यंत धीर धरला, आणि तेवढ्या अवधीत इंधन जळून विमान हलकेही झाले. याच जातीच्या एका विमानाचे शेपूट पूर्वी पाण्यावर उतरताना तुटले होते, हे स्मरून त्यांनी मागील उतारूंना पुढे बसविण्याची तजवीज केली. आणि उजाडल्यावर विमान पाण्यावर उतरविले तेव्हा शेपूट खरोखरच तुटले. ही दूरदृष्टी, आमच्या मते, उड्डाणकौशल्याहूनही थोर होय. १६ ऑक्टोबरच्या त्या सकाळी विमान बुडाले. त्यातील सर्वच्या सर्व ३१ माणसे वाचली. — संपादक