बंगळूरच्या पेठा आणि आपली खरेदी

बदलीच्या आदेशाने बंगळुरास येणाऱ्या मराठी गृहस्थास घर व शाळा यांची व्यवस्था लागताच तिसरी चिंता लागते, ती बाजाराची. लग्नाची साडी कोठे घ्यावी, तांब्यापितळेची भांडी कोठे मिळतील, असे तो विचारू लागतो. अशा वेळी दुकानाचे नाव सांगण्यापूर्वी आम्ही त्यास थोडा इतिहास ऐकवतो. कारण या शहरात वस्तूचा भाव हा ती कोणत्या शतकात वसलेल्या वस्तीत मिळते, यावर पुष्कळ अंशी अवलंबून असतो.

१५३७ साली केंपेगौडांनी येथे मातीचा कोट व पेठ वसविली. दोड्डपेटे आणि चिक्कपेटे हे एकमेकांस छेदणारे दोन रस्ते या पेठेचा कणा होत. दोड्डपेटे म्हणजेच आजचा अव्हेन्यू रोड. कन्नड ‘पेटे’ आणि आपली ‘पेठ’ यांत अंतर ते काय? अक्की म्हणजे तांदूळ, म्हणून अक्कीपेटे. अरळे म्हणजे कापूस, म्हणून अरळेपेटे. कुंभारांची कुंबारपेटे, तेल्यांची गाणिगरपेटे. धंदे आता पुष्कळ बदलले. तथापि एका जिनसाची दुकाने एकाच गल्लीत असण्याची रीत टिकून आहे, आणि ग्राहकाचा खरा फायदा तीतच आहे. दहा पावलांवर दुसरे दुकान असले म्हणजे दुकानदाराची जीभ आपोआप सैल होते.

या पेठेशी आपले नातेही जुने आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाच्या स्वारीत बंगळूर पडले व पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या पश्चात ते व्यंकोजीराजांकडे गेले. १६८७ मध्ये मोगल सरदार कासीमखानाने ठाणे घेतले व ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांच्या स्वाधीन झाले; या व्यवहारात तीन लाखांचा आकडा सांगितला जातो. म्हणजे सारे गावच एकदा विकत घेतले गेले! भावसार क्षत्रिय व नामदेव शिंपी समाजांची मराठी बोलणारी कुटुंबे या पेठांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. ती सर्वच शहाजीराजांबरोबर आली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण त्यांची कानडी वळणाची मराठी ऐकली की आपण येथे पहिले नव्हे, हे उमगते.

१८०९ साली इंग्रजांची छावणी पूर्वेस वसली आणि एका गावाचे दोन बाजार झाले. छावणीकडे कमर्शियल स्ट्रीट, ब्रिगेड रोड आणि १९३३ मध्ये उद्‌घाटन झालेले रसेल मार्केट. पेठेकडे कृष्णराजेंद्र मार्केट, १९२८ चे. दोन्ही नगरपालिका १९४९ मध्ये एक झाल्या, पण बाजारांचे स्वभाव एक झाले नाहीत.

ज्याच्या खिशात बेताचेच पैसे आहेत त्याने पेठ गाठावी. कृष्णराजेंद्र मार्केटात फुले पहाटे घ्यावीत. वरमहालक्ष्मी वा गणपतीच्या आदल्या दिवशी मात्र दराची अपेक्षा सोडावी. जुनी पाठ्यपुस्तके अव्हेन्यू रोडवर, रेशीम चिक्कपेटेत. घासाघीस ज्यांना जमत नाही त्यांना भाजीफळांसाठी हॉपकॉम्सची दुकाने सोयीची. ही बागायतदारांची सहकारी संस्था १९५९ पासूनची असून दर फळ्यावर लिहिलेले असतात. हात सैल असेल तर म्हैसूर सिल्कच्या सरकारी विक्रीकेंद्रात जावे. १९१२ साली म्हैसूरला सुरू झालेल्या कारखान्याचा तो माल. तेथे घासाघीस नाही, आणि फसवणुकीची धास्तीही नाही.

२००४ साली कोरमंगलात फोरम मॉल उघडला, आणि पुढे व्हाइटफील्डसारख्या उपनगरांत राहणाऱ्या आपल्या तरुण कुटुंबांना पेठेत जाण्याचे कारणच उरले नाही. आता तर माल दारात येतो. त्यांची अडचण आम्ही जाणतो, कारण पेठेत गाडी उभी करणे अशक्यप्राय आहे. परंतु जून २०१७ पासून चिक्कपेटे व मार्केट येथे मेट्रोची भुयारी स्थानके आहेत, तेव्हा ही सबब आता लंगडी झाली. मुलांना बरोबर न्यावे. ‘एष्टु?’ आणि ‘स्वल्प कडिमे माडि’ एवढे कन्नड शाळेपेक्षा तेथे लवकर येते. आरंभ सोपा हवा असेल तर कार्तिकातील शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या मोठ्या नंदीपाशी भरणारी कडलेकाई परिषे गाठावी. रस्त्याच्या दोन्ही कडांस शेंगांचे ढीग, मापाने विक्री, आणि वर मूठभर शेंगा मागून घेण्याचा ग्राहकाचा हक्क.