तरवडीचे ‘दीनमित्र’

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास सांगताना बाळशास्त्री जांभेकरांचे १८३२ चे ‘दर्पण’ आणि १८८१ चा ‘केसरी’ यांचा उल्लेख अगत्याने होतो, व तो यथायोग्यच आहे. परंतु ही पत्रे मुंबई-पुण्याची. त्यांत खेडे यावयाचे ते बहुधा दुष्काळाच्या किंवा दंग्याच्या निमित्ताने. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आम्हां मंडळींची मायभूमीची ओळखही शहरी पत्रांवरच पोसलेली आहे. म्हणून तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यातून निघणाऱ्या साप्ताहिकाचे स्मरण या सुवर्णमहोत्सवी अंकात करणे आम्हांस उचित वाटते.

याचे मूळ सत्यशोधक चळवळीत आहे. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यांचे सहकारी कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये, म्हणजे ‘केसरी’च्या चार वर्षे आधी, पुण्यात ‘दीनबंधु’ काढले. पैशाअभावी ते त्यांना फार काळ चालविता आले नाही आणि १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईस नेले. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव तरवडीच्या पाटील घराण्यात दत्तक गेले होते. त्यांनी १९१० मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, सोमठाणे येथून ‘दीनमित्र’ सुरू केले. पुढे तरवडी हेच त्याचे कायमचे ठिकाण झाले.

हे साहस किती मोठे होते याची कल्पना १९११ च्या खानेसुमारीवरून येते. त्या वर्षी हिंदुस्थानात साक्षरांचे प्रमाण शेकडा सहाच्या आतबाहेर होते. खेड्यात ते त्याहूनही कमी. तेथे एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे, असाच वृत्तपत्राचा प्रसार व्हावयाचा. छापखान्याचे खिळे, शाई, कागद सारे बाहेरून आणावे लागे. शिवाय जेथे घरातले सगळे व्यवहार सुगीवर अवलंबून, तेथे वर्गणी तरी वेळेवर कशी यावी? आमच्या मते याहूनही अवघड गोष्ट निराळीच. शहरातील संपादकास ज्याच्यावर टीका करावयाची तो क्वचितच समोर भेटतो. खेड्यातील संपादकाची त्याच्याशी दुसऱ्या दिवशी बाजारात गाठ पडते!

मुकुंदरावांच्या टीकेचा रोख मुख्यतः भिक्षुकशाही, सावकारी आणि कुलकर्णी वतन यांवर होता. (आमच्या मंडळात कुलकर्णी आडनावाची घरे थोडी नाहीत, त्यांनी रागावू नये, प्रश्न आडनावाचा नसून दप्तराचा होता.) गावाचा जमाखर्च, जमिनीचे उतारे, शेतसाऱ्याच्या नोंदी हे सारे वंशपरंपरेने एकाच घराच्या हाती. ज्यास अक्षर येत नाही त्या कुणब्याने कागदावर काय लिहिले आहे हे ताडून पाहावे कसे? दप्तर ज्याच्या हाती त्याची सत्ता, हे मुकुंदरावांनी नेमके हेरले. म्हणूनच गावात छापलेला कागद येणे ही नुसत्या बातमीची बाब नव्हती. लिहिलेले अक्षर प्रथमच रयतेच्या बाजूने बोलू लागले होते.

त्यांनी ‘कुलकर्णी लीलामृत’ हे उपहासात्मक काव्य लिहिले तेही ओवीबद्ध, पोथीच्या थाटात. ही युक्ती आम्हांस मोठी मार्मिक वाटते. कारण निरक्षर माणसालाही पोथी ऐकण्याची सवय होतीच. त्यांची लेखणी कधीकधी अतिशय तिखट होई आणि काही ठिकाणी व्यवस्थेवरील प्रहार साऱ्या जातीवर उतरे, हेही नमूद केले पाहिजे. पण त्या काळच्या दोन्ही पक्षांच्या लेखण्या सौम्य नव्हत्या.

मुंबई राज्यातील कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने संपली. तेव्हा मुकुंदराव पासष्टीला आले होते. तरीही त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ‘दीनमित्र’ही थांबले. इतक्या दीर्घ काळात त्यांनी पत्राचे बिऱ्हाड पुण्यास किंवा मुंबईस हलविले नाही.