खळ्यावरची धूळ

तिरुवल्लिकेणीत पानावर वाढलेला भात पांढराशुभ्र असतो. त्यामागच्या खळ्यावरची धूळ तेथे कोणाला दिसणार? ओलाउस माग्नुस याने मात्र १५५५ मध्येच मळणीची धूळ घातक म्हणून बजावले होते. १७०० साली इटालियन वैद्य रामाझ्झिनी याने धान्य चाळणाऱ्यांची धाप धंदेवाईक रोगांत नोंदविली. रोग्याला ‘धंदा कोणता?’ असे विचारावे, हा आग्रहही त्याचाच. १९३२ मध्ये इंग्लंडात कॅम्बेल यांनी बुरसलेले गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा फुप्फुसविकार वर्णिला. अशी धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली, तर फुप्फुस कायमचे निबर होऊ शकते. आपला १९४८ चा कारखाने अधिनियम गिरणीच्या दाराशीच थांबला. खळ्यावर उफणणारी बाई धापा टाकू लागली, की तिचे वय झाले, एवढेच म्हणतात.