बारा बोअर ते पॉइंट टू-टू : शिशाचा हिशेब

१/ गावाकडच्या जुन्या वाड्यांत 'बारा बोअरची बंदूक' असल्याचे अभिमानाने सांगितले जाते. हे बारा म्हणजे इंच नव्हेत, मिलिमीटरही नव्हेत. एक पौंड शिशातून नळीच्या व्यासाच्या बारा गोल गोळ्या पडतात, म्हणून ती बारा बोअर. शस्त्राचे माप हेच मुळी शिशाच्या खर्चाचे माप होते!

२/ हाच हिशेब हातातल्या शस्त्रांना लावून पाहावा. ब्रिटिश फौजेच्या .४५५ वेब्ली रिव्हॉल्व्हरची गोळी २६५ ग्रेनची, म्हणजे सुमारे १७ ग्रॅम. किलोभर शिशातून जेमतेम ५८ गोळ्या. पहिल्या महायुद्धानंतर फौज .३८ कडे वळली आणि १९३२ मध्ये एन्फिल्ड रिव्हॉल्व्हर स्वीकारले गेले. २०० ग्रेनची गोळी, किलोला ७७. कारण मात्र शिसे नव्हते. वेब्लीचा धक्का जबर. घाईने भरती केलेल्या माणसाला त्यावर नेम शिकवणे कठीण. शिकवण्यात जाणारा वेळ आणि काडतुसे हाही खर्चच. पुढे उघड्या शिशाची गोळी हेग कराराच्या आड येईल या शंकेने तिच्यावर धातूचे कवच चढले.

३/ .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ चे. गोळी ४० ग्रेन. किलोला सुमारे ३८५. पण खरी बचत काडतुसाच्या कडेत आहे. .३२ किंवा ९ मिमीच्या बुडाशी स्वतंत्र केप बसवावी लागते. .२२ मध्ये ठिणगीचे मिश्रण कडेच्या पोकळीतच भरलेले असते. पितळही पातळ. मात्र एकदा उडाले की ते काडतूस भंगारात जाते. मोठ्या काडतुसाचे पितळ, जिथे मुभा आहे तिथे, पुन्हा भरून वापरता येते.

४/ महाराष्ट्रात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, वरणगावचा १९६४ चा. दोन्ही प्रामुख्याने सैन्यासाठी. अव्वल नेमबाज मात्र एली, लापुआ अशी परदेशी काडतुसे वापरतात. जगातले सर्वांत स्वस्त काडतूस इथे महाग पडते ते त्यामुळे.

५/ कोल्हापूरच्या राही सरनोबत हिचे २०१३ चे चांगवॉन विश्वचषकातील आणि २०१८ चे आशियाई स्पर्धेतील सुवर्ण याच .२२ च्या पिस्तुलाचे. प्राथमिक फेरीत गुणांच्या गोळ्या अवघ्या ६०. त्यामागच्या सरावाच्या हजारो.

६/ म्हणूनच बहुतेक नवी मुले १० मीटर एअर पिस्तुलापासून सुरुवात करतात. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा. दारू नाही, केप नाही, पितळ नाही. तोही परवडेना तर रिकाम्या पिस्तुलाने भिंतीवर नेम धरून चाप ओढण्याचा सराव. तो ऑलिंपिकपटूही रोज करतात.