कोणता विषय घेणार?

उज्जैनच्या माधवनगरात काय किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेत काय, शालान्त परीक्षा उतरलेल्या मुलाला पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणता विषय घेणार? वरवर पाहता हा आवडीचा प्रश्न आहे. पण विषयाचे नाव सांगताच काही दारे उघडतात व काही मिटतात. माळव्याच्याच भूमीत, इंदूरच्या पलीकडील महू येथे 1891 साली जन्मलेल्या भीमराव आंबेडकरांचा विद्यार्थिदशेचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

त्यांना संस्कृत शिकावयाचे होते. शाळेत अस्पृश्य मुलाला ती भाषा शिकविण्याचे नाकारण्यात आले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. एल्फिन्स्टन कॉलेजातही तीच फारसी सोबत आली. येथे निवड विद्यार्थ्याची नव्हतीच. निवड केली ती जातीने. (संस्कृत ते पुढे स्वतःच्या कष्टाने शिकले.)

दुसरे दार मात्र विषयानेच उघडले. 1913 साली बडोद्याचे सयाजीराव महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेस पाठविणार होते. राजेसाहेब उदार खरे, परंतु ते औदार्य हिशेबी होते. परत येणारा तरुण संस्थानाच्या कोणत्या कामी येईल, हे त्यांना आधी ठरवावयाचे असे. 4 जून 1913 रोजी झालेल्या करारात नेमलेल्या विषयांचा अभ्यास व त्यानंतर दहा वर्षे बडोद्याची नोकरी, अशी बांधणी होती. अर्थशास्त्र आणि राज्याची जमाबंदी जाणणारा मनुष्य दरबाराला हवाच होता. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे, असा त्या निवडीचा मोबदला ठरला.

कोलंबिया विद्यापीठात गेल्यावर या तरुणाने कराराची चौकट पाळली, पण तिच्यात तो मावला नाही. अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम त्याने घेतले. इतिहासाचे 11 आणि समाजशास्त्राचे 6 हेही त्याच यादीत आहेत. तेथील विद्यापीठ एका विषयाच्या खुंटीला विद्यार्थ्याला बांधून ठेवीत नसे, ही गोष्ट लहान नव्हे. प्राध्यापक सेलिग्मन यांच्या हाताखाली झालेले प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील संशोधन 1925 साली ग्रंथरूपाने निघाले.

शिष्यवृत्तीची मुदत संपताच 1917 साली ते बडोद्यास रुजू झाले. ज्या विषयासाठी दरबाराने त्यांना निवडले होते, तो विषय आता अंगी होता. परंतु त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना, आणि थोड्याच दिवसांत नोकरी सोडावी लागली.

पुढे 1942 साली, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, त्यांनी सरकारपुढे अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचा खलिता ठेवला. कला आणि कायदा यांचे शिक्षण आपल्या लोकांना फारसे तारणार नाही. शिष्यवृत्त्या द्यावयाच्या त्या विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी द्या, असा त्यातील आग्रह होता. मागणी करणारा स्वतः अर्थशास्त्राचा पंडित आणि बॅरिस्टर होता. हे विषय महागडे असून गरिबाच्या मुलाला ते आपल्या बळावर घेता येत नाहीत, हे त्याने नेमके हेरले होते.