कपिलधारच्या वाटेवरची माळवदे

कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारची यात्रा भरते. बीडच्या दक्षिणेला, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या कुशीत मन्मथस्वामींची समाधी आहे आणि शेजारी धबधबा. स्वामी सोळाव्या शतकातले, ‘परमरहस्य’ या मराठी ग्रंथाचे कर्ते. मराठवाड्यातल्या वीरशैवांचे हे मोठे श्रद्धास्थान. लांबलांबच्या गावांतून दिंड्या चालत येतात. लहानपणी आजोबांबरोबर मी या वाटेने गेलो आहे. रात्री ज्या ओसरीवर पाठ टेकायला मिळे, ती बहुतेक माळवदाच्या घराची असे. आता त्याच वाटेवर माळवद शोधावे लागते. गेली काही वर्षे मी टेप आणि वही घेऊन उरलीसुरली घरे मोजत हिंडतो. माझे शिक्षण स्थापत्याचे नाही आणि इतिहासाचेही नाही, त्यामुळे लोक जे सांगतात ते ऐकून घेण्यापासूनच सुरुवात करावी लागली.

आमच्याकडे घर चौरस फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. पाच खणांचे, नऊ खणांचे, बारा खणांचे घर. या एका शब्दात घराचा सगळा नकाशा आहे, कारण खणाची लांबी ठरते ती मिळणाऱ्या लाकडावरून. सागाची तुळई जेवढी लांब, तेवढीच खोली रुंद. खांबांवर तुळया, तुळयांवर सर, त्यावर किलचांचा म्हणजे बारीक काटक्यांचा थर, वर लिंबाचा पाला आणि त्यावर पांढरी माती. छत सपाट, पण एका अंगाला किंचित उतार देऊन पन्हाळ काढलेली. मधोमध उजेडासाठी सानं. हे छत टिकते ते इथला पाऊस वर्षाला सहा-सातशे मिलिमीटरच्या आसपास असतो म्हणून. कोकणात असले घर पहिल्याच आषाढात बसले असते.

पांढरी माती शेतातली नव्हे. शेत म्हणजे काळी आणि गावठाण म्हणजे पांढरी, ही जोडी आपल्या जुन्या कागदपत्रांतही येते. शेकडो वर्षे माणसे राहून, घरे पडून, राख-शेण मिसळून गावाखालची माती पांढुरकी होते. ती चिकट असते, पाणी सहज आत सोडत नाही. म्हणजे पणजोबांच्या पडक्या घराची माती नातवाच्या छतावर चढायची. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी जो पुरातन वस्तूंचा संग्रह केला, तो अशाच पांढरीच्या टेकाडांतून निघालेल्या वस्तूंचा. गावकरी माती खणत आणि सातवाहनकाळचे मणी, खापरे, मृण्मूर्ती हाती लागत. मराठवाड्यात कित्येकांच्या डोक्यावर दोन हजार वर्षांपूर्वीची खापरे होती आणि त्यांना त्याचे काही वाटत नव्हते.

आत मोजके सामान. कपाटाऐवजी भिंतीतच कोनाडे, देवळ्या, खुंट्या. धान्याला बळद, ते भिंतीचाच भाग असल्यासारखे, वरून भरायचे आणि खालच्या भोकातून काढायचे. उखळ जमिनीत पुरलेले. ओसरी जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी, ढाळज पुरुषांच्या बैठकीसाठी. देव इष्टलिंगाच्या रूपाने अंगावरच वागवणाऱ्या परंपरेत देवघराची वेगळी खोली लागू नये. तरी लिंगायत घरांतही देव्हारा दिसतोच. जाड भिंतींमुळे वैशाखातल्या दुपारी माजघरात गारवा असे. तो सगळ्यांनीच वाखाणलेला आहे. त्याच माजघरातला अंधार आणि धूर कोणाच्या वाट्याला होता हे मात्र वाखाणणारे सांगत नाहीत. माझ्या आजीचे डोळे त्या धुरात गेले असे आमच्या घरात म्हणत. शिवाय सागाचे खांब ज्याला परवडत त्याचेच माळवद. बाकीच्यांच्या वाट्याला कुडाच्या भिंती आणि पाचटाचे छप्पर. साध्या राहणीचे गोडवे गाताना हा साधेपणा कोणी निवडला आणि कोणावर लादला गेला, हे विचारलेच पाहिजे.

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनानंतरची पहाट, 3 वाजून 56 मिनिटे. किल्लारीच्या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. किल्लारी आमच्यापासून लांब, पण माळवद तेच. त्या दिवसापासून सगळ्या मराठवाड्यात ‘माळवदाने माणसे मारली’ हे वाक्य रूढ झाले. माझ्या वडिलांनी पुढच्याच उन्हाळ्यात आमचे घर उतरवले आणि पत्रे टाकले. त्यांचे चुकले असे मला आजही म्हणवत नाही.

पण अभियंत्यांनी नंतर ढिगाऱ्यांची जी पाहणी केली, तिच्यातून वेगळी गोष्ट पुढे आली. पुष्कळ ठिकाणी भिंती कोसळल्या होत्या आणि लाकडी खणांचा सांगाडा उभा होता. दगडी भिंतीचे दोन पदर असतात, आतला आणि बाहेरचा. मध्ये माती आणि बारीक दगडांची भर. या दोन पदरांना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड बहुतेक भिंतींत घातलेलाच नव्हता. हादऱ्याने पदर सुटे झाले आणि भिंत फाटली. दुसरे कारण छताचे वजन. दर उन्हाळ्यात पावसाआधी छतावर नवी माती टाकायची, पण त्याआधी जुनी खरवडून काढायची, असे आमच्या आजोबांच्या तोंडून मी ऐकले आहे. खरवडणे कष्टाचे, टाकणे त्या मानाने सोपे. पिढीमागून पिढी नुसते टाकणेच होत राहिले आणि कुठे कुठे हातभराहून जाड थर साचला.

माझ्या मते इथे खरा प्रश्न हातांचा आहे. माळवद हे बांधून मोकळे होण्याचे घर नाही. त्याला दरवर्षी काही दिवस, चार-सहा माणसे आणि त्यांच्यातली ओळख-देख लागते. 1972 च्या दुष्काळानंतर आमच्या डोंगराळ भागातले हे हात मोठ्या संख्येने ऊसतोडीकडे वळले. दिवाळी झाली की जोडपी निघतात. कामाचे मोजमापच ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. परततात ती उन्हाळ्यात, थकून. उचल फेडताना माती खरवडायला उसंत कुठली? सहा महिने त्यांचे घर म्हणजे कारखान्याजवळची कोपी: बांबू, चटई, वर ताडपत्री, वाकून आत जायचे, चूल दाराशी. इतके कमी सामान असलेले घर मी दुसरे पाहिलेले नाही. त्याला कोणी साधी राहणी म्हणत नाही.

भूकंपानंतर सरकारने आणि संस्थांनी 52 गावे नव्या जागी वसवली. जमिनीच्या मालकीप्रमाणे 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरे दिली. भिंती मजबूत, रस्ते काटकोनात. बैल कुठे बांधायचा, धान्य कुठे ठेवायचे, ओसरीवर कोण बसणार, हे मात्र राहणाऱ्यांनी मागाहून पत्र्याचे आडोसे काढून सोडवले. भूकंपाची भीती एवढी खरी होती की याबद्दल तक्रार करणेही लोकांना कृतघ्नपणाचे वाटे.

गेल्या वर्षी आमच्या भावकीतल्या एका सुनेने घर बांधले. ती ऊसतोडीला जाते आणि घर बरेचसे उचलीच्या पैशांतले. स्लॅबचे, दोन खोल्यांचे. मिस्त्रीने नेहमीचा आराखडा आखला: मोठी खोली पुढे, तिच्यातूनच मागे जायचे. तिने तो बदलून घेतला. सासूची खोली ओसरीकडे स्वतंत्र दाराने उघडणारी, म्हणजे मोठ्या खोलीला कुलूप लागले तरी म्हातारी आणि तिच्याजवळ राहणारी दोन मुले घरातच राहतील. मुलांना अभ्यासाला ओसरीवर एक दिवा, त्याचे बटण म्हातारीच्या हाताशी येईल असे खाली. धान्याची पत्र्याची कोठी त्याच खोलीत, कारण सहा महिने खाणारी माणसे तिथे. शिवाय भिंतीत तीन कोनाडे. मिस्त्री म्हणाला, आता कोनाडे कोण ठेवतं? ती म्हणाली, “सामानाला पैसे कुठायत?”

मी वहीत त्या घराची मापे घेतली. शेवटी सवयीने विचारले, किती खणांचे? तिला खण माहीत नव्हते. सासूने आतून उत्तर दिले, दोन. यंदा दिवाळीनंतर ती दोघे निघतील. पौर्णिमेला सासूला कपिलधारला न्यायचे मी कबूल केले आहे.