कंपायलरच्या दारातले बहुरूपी

माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्रभाषेत उतरवणारा दुभाषी म्हणजे कंपायलर. मोठ्या प्रकल्पात त्याच्यापुढे हजारो फायली असतात आणि लिहिणारा ताटकळत बसतो. हा वेळ वाचवण्याच्या खटपटींचा इतिहास मी शोधू लागलो, तो माझीच फसगत झाल्यावर.

1976 साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिले. निमित्त झाले स्टीव्ह जॉन्सन या सहकाऱ्याच्या वाया गेलेल्या सकाळीचे. चूक दुरुस्त झाली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल झालीच नव्हती. मेक फायलींच्या वेळा ताडते आणि बदललेल्या तेवढ्याच कंपाइल करवते. मात्र सगळे पुसून नव्याने बांधायचे म्हटले की जुने श्रम पुन्हा आलेच.

त्यावर एरिक थिले यांनी ‘कंपायलरकॅश’ काढले. त्याच कल्पनेवरून 2002 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी ‘सीकॅश’ लिहिले. मजकूर, सूचना आणि कंपायलर यांचा मिळून ते एक ठसा काढते. तोच ठसा पूर्वी आलेला असेल, तर साठवलेले उत्तर देते. त्याच सुमारास मार्टिन पूल यांनी ‘डिस्टसीसी’ आणले. ते फायली जाळ्यातल्या शेजारच्या यंत्रांना वाटून देते. दोघेही ‘सांबा’ प्रकल्पातले.

दोन्ही साधने बसवण्याची युक्ती एकच. कंपायलरचे नाव धारण करून त्याच्या आधी दारात उभे राहायचे. डिस्टसीसी या पद्धतीला सोंगच म्हणते. आपल्याकडचा बहुरूपी डोळ्यांसमोर येतो.

मी चार जुनी यंत्रे जोडून दोन्ही साधने एकत्र वापरली. एका यंत्रावर कंपायलरची आवृत्ती वेगळी राहिली होती. जोडणी कधी जमे, कधी फसे. ते यंत्र बाजूला काढले, तरी फसतच राहिली. सीकॅश माझ्या यंत्रावरचा कंपायलर तपासत होते. काम प्रत्यक्ष परक्या कंपायलरने केले, हे त्याला कळणार कसे? चुकीचे उत्तर त्याने इमानेइतबारे जपले होते. साठा पुसला तेव्हा दोन रात्रींनी सुटका झाली.

जॉन्सन यांची सकाळ आणि माझ्या दोन रात्री एकाच जातीच्या. टेबलावर बरोबर मजकूर, यंत्रात वेगळाच. तेव्हापासून सर्व यंत्रांवर कंपायलरची आवृत्ती एकच आहे ना, हे मी आधी पाहतो. वेगाचा विचार त्यानंतर.